उचललेली फणी

अडावदच्या पॅकिंग हाऊसात
तुरटीच्या पाण्यातून फणी वर येते
तेव्हा तिला अजून देश नसतो.
देश नरोत्तमभाऊ देतात, भिंतीवरचा कागद वाचून :
इराणला जाड चालतं.
मस्कतला मध्यम, पण वाक कमी हवा.
आणि तो एक थंडीतला देश आहे,
नाव माझ्या तोंडात बसत नाही,
त्याला डाग नको. तिळाएवढा नको.

मी म्हटलं, भाऊ, डाग पडल्यावरच तर गोडी येते.
ते म्हणाले, तिथलं गिऱ्हाईक जिभेनं घेत नाही,
डोळ्यांनी घेतं.

तेरा किलोच्या खोक्यात
मी दिवसभर दुसऱ्याचे डोळे भरते.

बाजाराच्या दिवशी हातातलं कॅलिपर ठेवून
चोपड्याला जाते, इमलबाईच्या पाटीपाशी बसते.
भरताचं वांगं बघून कोण घेतं?
ते तळव्यावर झुलवायचं.
दिसायला मोठं आणि हाताला हलकं, तर आपलं.
देठ वाकवायचा, टिचकी मारायची,
मग तोंड वाकडं करायचं :
"इमलबाई, यामा बिया निंघतीन."
"मी काय त्याना पोटमा जाई उनू का?"

मग वांगं ठेवायचं आणि उठायचं.
दहा पावलं जायचं, सावकाश,
कान मागे ठेवून.
हाक आली तर भाव आपला,
नाही आली तर वांगं तिचं.
माझ्या सासूनं लग्नानंतर मला
स्वयंपाकाआधी ही दहा पावलं शिकवली.

हितेंद्र, माझा भाचा,
मस्कतच्या एका मोठ्या दुकानात रॅक लावतो.
त्याला म्हटलं होतं, आपली केळी दिसली तर दाखव रे.
त्यानं व्हिडिओ पाठवला.
थंडगार उजेड, कुणाचा आवाज नाही,
आणि फणीवर आमचंच निळं स्टिकर,
जरा तिरकं. म्हणजे बेबाबाईच्या हातचं.

काळ्या बुरख्यातली एक बाई येते.
फणी उचलते.
उलटी करते, खालून बघते,
पिशवीला नाक लावते
(भाऊ, नाक लावते!)
आणि ठेवून देते.
चालू लागते. एक, दोन, तीन, चार पावलं.
थांबते.
परत येते, तीच फणी घेते.

हाक कुणी मारली नव्हती.
तिथं हाक मारायला माणूसच नाही,
भाव चिकटवलेला, तराजू मुका.

मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला.
चार पावलांत तिला काय आठवलं?
घरी कुणी म्हातारं, बिनदातांचं?
डब्याला काही नव्हतं?
की माझ्यासारखीच ती,
नुसतं ठेवून बघत होती, कोणी बोलावतंय का?

हितेंद्रला विचारलं तर हसला.
मामी, इथे रोज तमाशा असतो.
एक गोरा साहेब चष्मा चढवून तारीख वाचतो,
केळावर कसली तारीख?
फिलिपिन्सची पोरगी फणीतून दोनच तोडते,
तिच्या खोलीत फ्रिज नाही.
एकजण फोनवर बायकोला दाखवत राहतो,
ती तिकडून मान हलवेपर्यंत हात आखडलेला.
केरळवाला तर नाक मुरडतो,
म्हणतो, ही काय केळी आहेत का!
आणि ती बुरख्यातली?
माहीत नाही मामी. परत येतात बऱ्याच जणी.

गेल्या बाजारी मी उठले, दहा पावलं गेले.
कान मागे होते.
इमलबाईनं हाक मारली नाही.
अकरावं पाऊल टाकायचं होतं,
पाय वळले.

"काय वं माय, परत उनी?"
मला सांगता येईना.
म्हटलं, काही नाही, दे.
तिनं वांगं तोललं,
भाव एक रुपयानं उतरवला नाही.

रात्री भाजलं, सोललं.
बिया होत्याच.